मधेच थांबणारी थाप

आई गेली, आणि पुढच्याच महिन्यात माझं प्लास्टर निघालं. त्याच सकाळी मी परात पुढे ओढली, पीठ पसरलं, उंडा ठेवला, थापायला लागले, आणि आतल्या खोलीतून आण्णा ओरडले, "महानंदा?"

महानंदा म्हणजे माझी आई. आण्णा माझे वडील, त्यांना दिसत नाही. साखरेनं डोळे गेले, मी शाळेत होते तेव्हाच. ते भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, आणि मी नुसतीच बसलेय, हात पिठात.

"मी आहे आण्णा. शिवलीला."

"तू न्हाईस," ते म्हणाले. "पुन्ना थाप बरं."

मी थापली. आण्णा दारातच खाली बसले.

तुम्ही मैत्रिणी सारखं विचारता ना, मनगटावरच्या या खुणेचं काय प्रकरण आहे, तर हेच ते. आणि प्राजू, मधे बोलायचं नाही हं. मला एका दमात सांगू दे, नाहीतर मी रडेन आणि मग सगळंच राहील.

आमचं सोलापुरात कडक भाकरीचं काम. म्हणजे आईचं. आता भाकरीची मशीनं घरोघरी आलीत, पीठ ओता, बटण दाबा, भाकरी बाहेर. त्यामुळे हातच्या भाकरीला उलट जास्तच मागणी. पुण्याहून, बेंगळुरूहून लोक मागवतात. आई थापायची, मी भाजायचे, कधीकधी मीही थापायचे. पण माझं थापणं म्हणजे धपाधप. आई म्हणायची, "भाकरी करायलीस का कुनाशी भांडायलीस?"

तिची थाप वेगळीच होती. थप थप थप, मग एवढासा थांबा, जसं काही हाताला मधेच काहीतरी आठवलंय, आणि मग एक हलकी थप. की परत थप थप थप, थांबा, थप. आण्णांचे कान इतके तिखट की गल्लीत कुणाकडे कोण थापतंय ते खाटेवर पडल्या पडल्या सांगायचे. "ही थोरली सून. ही धाकटी, हिचं पीठ घट्ट झालंय." पण आईचा तो थांबा अख्ख्या गल्लीत कुणाकडे नव्हता. आण्णा त्याच्यावर जीव टाकायचे. तो ऐकल्याशिवाय ते जेवायला उठायचेच नाहीत.

मग मी पडले. त्या स्वतःचा तोल स्वतः सांभाळणाऱ्या स्कूटर आल्यात ना? होटगी रोडला कुत्रं आडवं आलं. स्कूटरनं तोल सांभाळला. मी नाही सांभाळला. ती बया शहाण्यासारखी उभी, दिवे लुकलुकवत, आणि मी रस्त्यावर, पंजा टेकून पालथी. हसा, हसा. मीसुद्धा हसले होते तेव्हा. म्हटलं, मुरगळला असेल.

मुरगळला नव्हता. आमच्या हाडांच्या डॉक्टर, काझी मॅडम, त्यांनी फोटो दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी काजूएवढं एक हाड असतं. पंजा टेकून पडलं की तेच मोडतं. आणि मोडलं की जुळताना जीव नकोसा करतं, कारण त्याला रक्त उलटं मिळतं. बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि तिथून मागे मागे येतं. मधे चीर पडली की मागचा तुकडा उपाशी. मॅडम म्हणाल्या, "नळाच्या लाइनीवरचं शेवटचं घर असतं ना, तसं." आम्हाला लगेच कळलं. सोलापुरात पाण्याचं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पूर्वी तिथे साधा स्क्रू घालायचे. आता वळणाचा स्क्रू निघालाय. बघा, हाड कुठे वाढतं? जिथे भार पडतो तिथे. नेमका, बरोबर दिशेनं, रोज थोडाथोडा भार पडला की दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि मधे नवं हाड धरतं. म्हणून या स्क्रूच्या पोटात एका खास धातूची तार असते. तिला वळण लावता येतं आणि ते ती विसरत नाही. आधी ती तार एका पट्ट्यात घालून निरोगी माणसाच्या मनगटावर बांधतात. तो माणूस आपलं रोजचं काम करत राहतो आणि तार शिकते, कधी दाबायचं, कधी सोडायचं. मग तीच तार स्क्रूत बसवून तुमच्या हाडात. आत गेल्यावर ती तुमच्या हाताला हलकंसं पुढे ढकलत राहते. लहानपणी कुणी हात धरून अक्षरं गिरवून घेतं ना, अगदी तसं.

मनगट रक्ताच्या नात्यातलं असावं आणि काम तेच करणारं असावं, एवढीच अट. मग आईशिवाय दुसरं कोण?

पट्टा बांधताना दवाखान्यातल्या ताईंनी विचारलं, "आई उजव्या हाताच्या ना?" आईच्या आधी मीच बोलले, "हो, उजव्याच. आमच्यात सगळ्या उजव्यानंच करतात." आई नुसती हसली. हे लक्षात ठेवा हं.

आणि आईचा तो तोरा! पट्टा घालून गल्लीभर हिंडली. "बगा माझी बांगडी. लेकीच्या हाडात जानार हाय." शेजारच्या सुगलाबाई म्हणाल्या, "मग आता सासूबी हिच्याच हातात बसून ऱ्हानार व्हय गं शिवे, लग्न झाल्यावर?" आई म्हणाली, "जावयाला भाकरी तरी बरी मिळंल."

ऑपरेशन झालं, हात प्लास्टरमधे गेला. आणि एका दुपारी भाकऱ्या उन्हात मांडता मांडता आई खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी तिला उचलायला धावले आणि एक हात प्लास्टरमधे, दुसऱ्यानं ती पेलेना. सुगलाबाई येईपर्यंत मी तिचं डोकं नुसतं मांडीवर धरून बसले. तिच्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ अजून होता.

आता कळलं ना, आण्णांनी "महानंदा" अशी हाक का मारली?

त्या दिवसापर्यंत आण्णा चहा-बिस्किटावर होते. त्या दिवशी जेवले. मग रोजचंच झालं. मी थापायला बसले की ते दारात येऊन बसायचे, भिंतीला टेकून, मान किंचित तिरकी. सुगलाबाई आल्या, दारातच थबकल्या, "अगं माय, महानंदाच की," म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून परत गेल्या. आण्णा तर थापेशी बोलायला लागले. माझ्याशी नाही, थापेशी. "आज वारं सुटलंय बग." "शिवलीला कॉलेजला जायचं म्हनती, पाठवू का?" आणि मधे माझा हात थांबायचा, मग हलकी थप पडायची, की आण्णा म्हणायचे, "बरं, बरं."

मलाही हवंच होतं ते. त्या थांब्याला मनगटात कुणीतरी अलगद धरल्यासारखं व्हायचं. मी डोळे मिटून थापायचे. आई मागून वाकून माझा हात धरून बसलीय, असं समजायचे.

आणि दुखायचं, तेही नेमकं तिथेच. त्या थांब्याला.

आधी वाटलं, नवीन आहे, दुखणारच. मग पेला हातातून सुटायला लागला. बाटलीचं झाकण उघडेना. अंगठ्याच्या बुडाशी सूज. शेवटी आण्णांना न सांगता मी काझी मॅडमकडे गेले.

त्यांनी फोटो काढला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"शिवलीला, हाड जुळलंच नाहीये. चीर रुंद झालीय. मागचा तुकडा मरायला लागलाय. स्क्रू सैल झालाय आणि त्याचं टोक शेजारच्या सांध्यात घासतंय."

"मग?"

"काढायचा. मेलेलं हाड खरवडायचं, मनगटामागच्या हाडातला तुकडा आणून तिथे भरायचा, आणि साधा स्क्रू घालायचा."

"हाच परत घाला ना."

"नाही घालता येत. त्या तारेला आत बारीक आकडे फुटलेत, हाडात रुतलेत. नुसतं ओढलं तर उरलेलं हाड फुटेल. आकडे मिटवायचे तर तार गरम करावी लागते. आणि गरम केली की ती सगळं विसरते."

"वळणसुद्धा?"

"वळणसुद्धा."

"मग आधी कॉपी करून घ्या!"

"कॉपी करायला ही फाइल नाहीये गं. धातूत मुरलेलं असतं ते. मुरलेल्या लोणच्यातून मीठ वेगळं काढता येईल का?"

मी विचारलं, नाही काढला तर? त्या म्हणाल्या, मनगट हळूहळू ढासळेल आणि आखडेल. कायमचं. भाकरी सोड, वेणी घालता येणार नाही.

घरी आले. काहीच बोलले नाही. सांगा ना, काय सांगणार होते? आण्णा, आई परत एकदा जाणार आहे, या वेळी तारीख घेऊन?

दुखण्याच्या गोळ्या खाऊन थापत राहिले. एक दिवस फोनवर आवाज रेकॉर्ड केला, चांगला माइक लावून, आणि आण्णा झोपेतून उठले तसा हळूच लावला. त्यांनी थोडं ऐकलं. म्हणाले, "बंद कर ते. हात कुठाय त्याच्यात?"

ओळखलंच त्यांनी. आणि पुढच्या आठवड्यात तेही ओळखलं. थापताना मला म्हणाले, "थांब. ते कट् कशाचं वाजायलंय?"

"परात हलतेय."

"परात वळकतो मी. हाडाचा आवाज हाय तो." त्यांनी माझं मनगट चाचपलं. "केव्हापास्नं?"

मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. तारेचं, गरम करण्याचं, सगळं. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर म्हणतील थोडे दिवस थांब. ते म्हणाले, "उद्या दवाखान्यात. मी बी येनार."

आता ऐका. काझी मॅडमना एक गोष्ट टोचत होती. असं व्हायला नको होतं. नात्यातलं मनगट, तेच काम, तरुण पोरगी, हाड जुळायलाच हवं होतं. म्हणून त्यांनी माझ्या स्क्रूतला भाराचा आलेख मागवून घेतला होता. पडद्यावर लावला. डोंगर, डोंगर, डोंगर, आणि मग एक वाकडा दात.

"या तीन थापा," त्या म्हणाल्या. "इथे सगळं बरोबर, तुकडे एकमेकांवर दाबले जातायत. पण इथे बघ. हात थांबतो आणि मनगट पिळलं जातं. तुकडे दाबले जायच्या ऐवजी एकमेकांवरून सरकतात. रोज, शेकडो वेळा. जुळायला आलेलं परत उसवतं."

"ती आईची लकब होती मॅडम. तो थांबा."

"लकब वाटली असेल. पण असा पीळ मी बघितलाय. दुसरा हात पुढे यायला बघतो, त्याला मधेच आवरलं जातं, आणि आवरताना सगळं अंग या मनगटावर येतं. तुझी आई डावखुरी होती का?"

"छे! सगळं उजव्यानं..." मी बोलता बोलता थांबले. मला एकदम दिसलं. फडताळातून डबा पडला की आई तो डाव्या हातानं झेलायची. मला ताप आला की कपाळावर डावा हात. कुणी बघत नसलं की शेंगा डाव्या हातानं फोडायची. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं हे!

"व्हती," आण्णा म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. ते गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"लग्न होऊन आली तवा डाव्यानंच थापायची. लई सुरेख. झरझर झरझर, कुठं थांबा न्हाई. माझ्या आईला ते खपलं न्हाई. डावा हात उचलला की उलथन्याचा दांडा बसायचा. ह्या इथं." त्यांनी स्वतःच्या डाव्या मनगटावर बोट ठेवलं. "मी बघत होतो. तवा डोळे होते मला."

मॅडमनी पडदा बंद केला.

"आन् एक दिवस मीच म्हनालो, डाव्या हाताची भाकरी माझ्या ताटात नको. त्याच्यानंतर तिनं उचलला न्हाई." त्यांनी ते मनगट घट्ट धरलं. "उचलत आसंल. पर मधीच आवरत आसंल. आन् मी येडा, जन्मभर त्येच ऐकत बसलो. मला वाटलं, काय ग्वाड थापती माझी बायको."

राग यायला हवा होता ना? आला पण. पण समोर एक म्हातारा आंधळा माणूस स्वतःचं मनगट धरून बसलेला, त्याच्यावर काय रागवू? आणि मी तरी काय, "आमच्यात सगळ्या उजव्यानंच करतात" असं तिच्या तोंडावर म्हणाले होते. आणि ती हसली होती.

ऑपरेशनला पूर्ण भूल नसते, फक्त खांद्यापासून हात बधिर करतात. मी जागी. मधे हिरवा पडदा. पण मी मॅडमना म्हटलं, मला बघायचंय, तर त्यांनी माझा पंजा दिसेल एवढा पडदा खाली केला. हिरव्या कापडावर माझा हात पडलेला, माझा असून माझा नसलेला, मेणासारखा.

"गरम करतेय आता," त्या म्हणाल्या.

आणि तो हात हलला.

शप्पथ. मी हलवत नव्हते, मला तर तो जाणवतही नव्हता. पंजा थोडासा उचलला गेला आणि कापडावर पडला. मग परत. मग परत. मॅडमनी हातातलं हत्यार तसंच धरलं. नंतर मला म्हणाल्या, असं होतं कधीकधी, विसरायच्या आधी तार शिकलेलं सगळं एकदा म्हणून दाखवते. पण तेव्हा नर्ससुद्धा बघत उभी.

थप. थप. थप.

मग थांबा आला. पुढची हलकी थप यायची होती. मी वाट बघत राहिले, बघत राहिले, आणि पंजा हळूहळू सैल झाला, बोटं उघडली.

"निघाला," मॅडम म्हणाल्या.

घरी आलो. हात परत प्लास्टरमधे. आण्णा परत चहा-बिस्किटावर. सुगलाबाई भाकरी पाठवायच्या, ते अर्धी खायचे, अर्धी तशीच. घर इतकं गप्प झालं की फ्रिजचा आवाज यायचा. आम्ही दोघं एकमेकांशी नीट वागायचो, फार नीट, पाहुण्यांसारखे. आईचं नाव निघालं की दोघंही उठून काहीतरी कामाला लागायचो.

मग एका सकाळी सुगलाबाईंकडे कुणी नव्हतं, भाकरी आली नाही. मी परात ओढली. उजवा गळ्यात अडकवलेला. पीठ कसंबसं मळलं. उंडा ठेवला. आणि डावा हात उचलला.

पहिलीच थाप तिरकी पडली. उंडा घसरून काठाला गेला. परत मधे आणला, परत थापली. कसला ठेका आणि कसलं काय, धप, फट, धप. भाकरी कसली, नुसता नकाशा. इकडे जाड, तिकडे फाटलेली. घामानं डोळे चुरचुरायला लागले.

दारात आण्णा येऊन उभे होते. कधी आले कळलंच नाही.

"कुठल्या हातानं करायलीस?"

माझा हात आपोआप थांबला. बघा ना, आजी तर मी जन्मायच्या आधीच गेलेली, मला कुणी कधी दांडा मारला नव्हता, तरी थांबला.

"डाव्या," मी म्हणाले. "उजवा प्लास्टरमधे आहे ना, म्हणून."

ते खाली बसले. मी तो नकाशा भाजला, एका बाजूनं करपलाच, आणि ताटात घालून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी आधी कडेकडेनं बोटं फिरवली. जाड होती तिथे बोट थांबलं. फाटली होती तिथे थांबलं. मग एक तुकडा मोडला. चटणी मागितली नाही, दही मागितलं नाही. कोरडीच खाल्ली, सगळी. करपलेलीसुद्धा. चावताना त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

ताट बोटांनी चाचपून रिकामं झाल्याची खात्री केली आणि माझ्याकडे सरकवलं.

"अजून एक थाप."

"थापते."

"आन् शिवे."

"काय आण्णा?"

"मधी थांबू नकोस."

मी थापायला लागले. डाव्या हातानं, वेडीवाकडी, न थांबता. आण्णा मान तिरकी करून ऐकत होते. भाकरी होईपर्यंत ऐकत राहिले. महानंदा म्हणून हाक मारली नाही.